पंपावरचा आकडा आणि वहीतला आकडा

या वेळच्या टपालात क्लचबद्दल, बॅटरीबद्दल किंवा इंजिनाच्या आवाजाबद्दल जवळजवळ काही नाही. सगळ्यांचा विषय एकच: इंधन महागलं, आता काय करायचं? काही पत्रं रागाने लिहिलेली आहेत, काही अगदी हताश होऊन. सगळ्यांना उत्तर देण्याइतकी जागा नाही, म्हणून ज्या पत्रांत इतरांचेही प्रश्न आले आहेत ती निवडली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे आणि ती मुद्दाम दिली आहे. ज्यांचं पोटच स्टिअरिंगवर चालतं त्यांच्यासाठी ही भाववाढ म्हणजे सरळसरळ पगारकपात असते, आणि त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं जातं.

प्रश्न: ताई, मी स्वतःची टॅक्सी चालवतो. गाडीचे हप्ते चालू आहेत. गेल्या काही महिन्यांत इंधनाचा भाव साधारण पाचव्या हिश्श्याने वाढला, भाडं मात्र होतं तेवढंच आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे वाढवून मागितलं की त्यांचा चेहरा पडतो. म्हणून रोज दोन तास जास्त गाडी चालवायला लागलो, तरी महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: दादा, तुम्ही कष्टात कुठेच कमी पडत नाही आहात. फक्त हे कष्ट नेमके कुठे जातात ते तुमच्यासमोर कागदावर आलेलं नाही. आधी तेवढं करू.

समजा भाड्यापोटी १०० आले. भाववाढीआधी त्यातले ३५ इंधनात जायचे, ३० हप्ता, विमा, टायर आणि सर्व्हिसिंगमध्ये, आणि ३५ घरी. (तुमचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही भरा.) आता इंधन पाचव्या हिश्श्याने वाढलं, म्हणजे ३५ चे ४२ झाले. हप्ता थांबत नाही, विमा थांबत नाही. मग ते वरचे ७ आले कुठून? घरच्या ३५ मधून. आता घरी २८ जातात. इंधन पाचव्या हिश्श्याने वाढलं आणि तुमची कमाई पाचव्या हिश्श्याने घटली. गाडी तीच, तास तेच, प्रवासी तेच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली भाड्याविषयी. तुमचं नुकसान १०० मागे ७ चं आहे, म्हणून ते भरून काढायला भाडं ७ टक्के वाढलं तरी पुरतं. अनेक चालक रागाच्या भरात ‘इंधन वीस टक्के वाढलं, मलाही वीस टक्के द्या’ म्हणतात आणि गिऱ्हाईक तुटतं. तुम्ही वर दिल्यासारखा हिशेब दाखवून ७ मागा. ही मागणी न्याय्य आहे, ऐकणाऱ्यालाही ती पटते, आणि भाव उतरला तर कमी करेन हेही त्याच दमात सांगा. रोज शाळेची मुलं नेणारे, ठरलेल्या कार्यालयाची माणसं पोहोचवणारे, अशा सगळ्यांनी हे बोलणं पुढे ढकलू नये. जिथे भाडं सरकार किंवा ॲप ठरवतं तिथे एकट्याचं काही चालत नाही, हे मला माहीत आहे. तिथे संघटनेमार्फत जायचं. पण तिथेही ‘परवडत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा शंभरातले किती कुठे जातात याचा कागद पुढे ठेवला तर बोलणी पुढे सरकतात.

दुसरी गोष्ट त्या जास्तीच्या दोन तासांची. हे दोन तास बहुधा मंदीच्या वेळेतले असतात. सकाळची आणि संध्याकाळची गर्दी तुम्ही आधीपासून पकडतच होता, उरले ते रिकामे तास. अशा तासांत गाडी भाड्याविना जास्त फिरते. म्हणजे महागडं इंधन जाळून तुम्ही प्रवासी शोधताय.

इथे माझ्या वडिलांची वही आठवते. ते मालट्रक चालवत. सीटखाली एक लांबट वही असायची आणि तिला पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. तारीख, मीटरचं रीडिंग, किती लिटर भरलं, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर: ‘भ’ किंवा ‘रि’. भरलेली खेप की रिकामी. मालधक्क्यावर दराची घासाघीस सुरू झाली की ते वही उघडून समोरच्याच्या हातात द्यायचे. पुढे मी वर्कशॉपमध्ये इंजिनं शिकवायला लागले, तेव्हा कळलं की इंजिनाच्या बाबतीत आम्ही मुलांना जे काही शिकवतो त्या सगळ्यापेक्षा त्या ‘रि’च्या रकान्यात जास्त पैसा दडलेला होता.

तुमच्यासाठी तोच रकाना मांडते. समजा १०० किलोमीटरमागे ४० किलोमीटर गाडी रिकामी धावते. म्हणजे शंभर किलोमीटरचं इंधन साठ किलोमीटरच्या भाड्यातून वसूल करायचं. रिकामे ४० चे ३० केलेत तर तेच इंधन सत्तर किलोमीटरवर वाटलं जातं. भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे इंधनाचा खर्च सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. पाचव्या हिश्श्याने वाढलेला भाव यातून जवळजवळ पूर्ण भरून निघतो. टायरमधली हवा, स्वच्छ फिल्टर, हलका पाय हे सगळं करायचंच, पण त्या सगळ्यातून मिळून जे वाचेल त्याहून हे मोठं आहे.

रिकामे किलोमीटर कमी कसे करायचे? भाडं सोडलं की फिरत राहू नका, इंजिन बंद करून जिथे उतारू मिळण्याची शक्यता आहे अशा जागी थांबा. लांबून बोलावणं आलं तर घ्यायला जाण्याचे किलोमीटर भाड्यात मिळवून मग हो म्हणा. शहराबाहेरची खेप घेताना परतीचा उतारू आधी शोधा, न मिळाल्यास येण्याचं इंधन धरूनच दर सांगा. आणि विश्वासातले तीन-चार चालक एकत्र या: माझ्या भागातलं भाडं तुला, तुझ्या भागातलं मला. दिवसभर एकमेकांना शत्रू मानून रिकाम्या गाड्या एकमेकांसमोरून पळवण्यात सगळ्यांचंच तेल जळतं.

वही आजच सुरू करा. अॅव्हरेज काढायची रीत टाकी ते टाकी: नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, रीडिंग लिहा, पुढच्या वेळी पुन्हा तसंच आणि शक्यतो त्याच पंपावर भरा, धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा अनेकदा थोडा उदार असतो. आणि ते जास्तीचे दोन तास? महिनाभर वही लिहा. त्या तासांपुढे ‘रि’ जास्त दिसले तर ते तास घरी द्या. थकलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असणं मला अजिबात पसंत नाही.

प्रश्न: कच्च्या तेलाचा भाव वाढल्याची बातमी आली की पंपावर लगेच वाढ होते. तेल उतरल्याची बातमी येते तेव्हा मात्र पंपावरचा आकडा जागचा हलत नाही. ही लूट आहे की यामागे काही हिशेब आहे?

उत्तर: थोडा हिशेब आहे, आणि थोडी तुमची तक्रार खरी आहे. दोन्ही वेगळे करून सांगते.

पंपावरच्या भावात पाच थर असतात: कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचा वाटा आणि कर. समजा १०० मध्ये कच्च्या तेलाचा थर ५० चा आहे. कच्चं तेल २० टक्के उतरलं तर ५० चे ४० होतील, आणि पंपावर भाव १०० वरून ९० वर येईल. म्हणजे बातमीत २० टक्के आणि पंपावर १० टक्के, यात कुणी फसवलेलं नसतं. कराचा थर लिटरमागे ठरावीक रकमेचा असेल तर तो तेल उतरलं तरी तेवढाच राहतो, टक्केवारीत असेल तर वरखाली होतो. त्यात कच्चं तेल डॉलरमध्ये विकलं जातं. तुमच्या देशाचं चलन घसरलं तर तेल स्वस्त होऊनही तुम्हाला ते महागच पडू शकतं.

बातमी दूरची असली तरी भाव लगेच का चढतो, असंही काहींनी विचारलं आहे. २०२४ मध्ये जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, म्हणजे इराण आणि ओमान यांच्यामधल्या अरुंद समुद्रमार्गातून जात होता. तिथे गडबड होणार अशी नुसती शक्यता दिसली तरी जहाजांचा विमा महागतो आणि उद्या मिळेल न मिळेल म्हणून आजच खरेदी सुरू होते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या पहिल्या आठवडाभरात ब्रेंट तेल (ज्याच्या भावावरून जगातले सौदे ठरतात ते कच्चं तेल) पिंपाला १३९ डॉलरच्या जवळ जाऊन आलं. तेवढ्या दिवसांत जगातलं तेल काही संपलं नव्हतं.

आता तुमची खरी तक्रार. १९९१ साली रॉबर्ट बेकन या अर्थतज्ज्ञांनी ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या भावांचा अभ्यास मांडला. भाव चढतात झपाट्याने आणि उतरतात रेंगाळत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. नंतर अनेक देशांतल्या बाजारांत तेच आढळलं, सगळीकडे मात्र नाही. कारण समजण्यासारखं आहे. भाव चढतो तेव्हा विक्रेत्याला पुढचा माल महाग घ्यायचा असतो, म्हणून तो लगेच वाढवतो. आपणही चिडून चार पंप हिंडतो. भाव उतरायला लागला की आपल्याला हायसं वाटतं आणि आपण चौकशी थांबवतो. नेमकं त्याच वेळी विक्रेत्याला घाई करण्याचं कारण उरत नाही. म्हणून जिथे वेगवेगळ्या पंपांवर वेगळा भाव असतो तिथे भाव उतरत असतानाच जास्त चौकशी करा. जिथे भाव सरकारच्या निर्णयाने हलतो तिथे उशिराचा जाब सरकारलाच विचारायचा, पंपावर नोझल धरून उभ्या असलेल्या माणसाला नाही. त्याच्यावर ओरडणाऱ्यांची पत्रं मला आली आहेत, आणि मला ती वाचून वाईट वाटलं.

एका वाचकाने २०२० च्या एप्रिलची आठवण काढली आहे, ‘तेल शून्याखाली गेलं तेव्हा आम्हाला फुकट का मिळालं नाही?’ २० एप्रिलला अमेरिकेतल्या तेलाच्या मे महिन्याच्या सौद्याचा (पुढे मे महिन्यात तेल उचलण्याच्या कराराचा) भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलर झाला, हे खरं. पण तो मुदत संपत आलेला एक सौदा होता. ज्यांच्या हातात तो अडकला होता त्यांच्याकडे तेल उतरवून घ्यायला टाक्या नव्हत्या, म्हणून ते पैसे देऊन मोकळे झाले. जगातलं बाकीचं बहुतेक तेल त्या दिवशीही पैसे मोजूनच विकलं गेलं. पंपावरचे बाकीचे चार थर तर जागच्या जागीच होते.

प्रश्न: मी घरोघरी जाऊन आजारी आणि वृद्ध माणसांची शुश्रूषा करते. माझी घरं एकमेकांपासून लांब आहेत, बस नाही. जो तो सांगतो, ‘गाडी कमी वापरा.’ मी कोणतं घर सोडू? ऐकून ऐकून आता अपराधी वाटायला लागलं आहे.

उत्तर: अपराधी वाटून घेऊ नका. ‘कमी वापरा’ हा सल्ला ज्यांच्या फेऱ्या ऐच्छिक आहेत त्यांच्यासाठी आहे. इंधन महागलं तरी लोक थोड्या काळात त्याचा वापर फारसा कमी करत नाहीत, हे अर्थशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. याचा अर्थ लोक बेफिकीर आहेत असा नाही. काम, शाळा, दवाखाना आहे तिथेच असतं, आणि घर एका महिन्यात हलवता येत नाही.

फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले. प्रत्येक गाडीत कायद्याने ठेवावं लागणारं पिवळं जाकीट त्यांनी अंगात घातलं होतं. त्यात मोठ्या शहरांपासून दूर राहणारी, गाडीशिवाय कामावर पोहोचूच न शकणारी माणसं पुष्कळ होती. ठरलेली करवाढ डिसेंबरमध्ये सरकारला मागे घ्यावी लागली. हवामानासाठी इंधनावर कर हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात. पण जिथे बस नाही तिथल्या माणसाला आणि जिथे दारात मेट्रो आहे तिथल्या माणसाला एकच बिल फाडणं अन्याय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. पहिलं, प्रवासखर्चाची मागणी. तुम्हाला नेमणाऱ्या संस्थेकडून महिन्याला ठरावीक रक्कम मिळत असेल तर ती किलोमीटरवर मागा, आणि तो दर इंधनाच्या भावाबरोबर दर तीन महिन्यांनी बदलावा असं लेखी मागा. एका घरून दुसऱ्या घरी जाणं हा तुमचा खासगी प्रवास नसून कामाचाच भाग आहे. दुसरं, घरांचा क्रम. मधे घरी न परतता एका बाजूने सुरू करून साखळीने पुढे जाता येईल अशा वेळा रुग्णांच्या घरच्यांशी बोलून बदलून घ्या. औषधाच्या ठरलेल्या वेळा बदलता येणार नाहीत, आंघोळीच्या आणि व्यायामाच्या बहुधा येतील. याचा फायदा दुहेरी आहे, कारण थंड इंजिन जास्त इंधन पितं. पुन्हा पुन्हा थंड इंजिनाने केलेल्या छोट्या फेऱ्या आणि गरम इंजिनाने सलग कापलेलं तेवढंच अंतर यांची तुलना केली तर इंधनात दुपटीपर्यंत फरक पडू शकतो. तिसरं, तुमच्यासारखं काम करणारी दुसरी बाई त्याच संस्थेत असेल तर दोघींनी मिळून भाग वाटून घ्या. ती तुमच्या गल्लीत आणि तुम्ही तिच्या गल्लीत जात असाल तर दोघींचंही नुकसान होतंय.

प्रश्न: घरी दोन गाड्या आहेत. मोठी लिटरला १० किलोमीटर देते, छोटी २०. दोन्हींचं धावणं सारखंच आहे. पैसे एकाच गाडीपुरते आहेत. मेकॅनिक म्हणतो, मोठीचं काम केलं तर फार तर १२ देईल. छोटी बदलून तशीच नवी घेतली तर २५ मिळतील. पाच किलोमीटरचा फायदा मोठा, म्हणून छोटी बदलावी असं घरात ठरतंय.

उत्तर: थांबा, ठरवू नका. हजार किलोमीटरला किती लिटर लागतात ते मांडा. मोठी गाडी: आधी १००, कामानंतर सुमारे ८३. वाचले १७. छोटी गाडी: आधी ५०, नवी घेतल्यावर ४०. वाचले १०. दोन किलोमीटरची सुधारणा पाच किलोमीटरच्या सुधारणेपेक्षा जास्त इंधन वाचवते, आणि तीही दुरुस्तीच्या खर्चात.

‘लिटरला किती देते’ या मोजमापात ही गफलत दडलेली आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये प्रयोग करून दाखवलं की बहुतेक माणसं यात चुकतात, कारण डोळा वजाबाकीवर जातो आणि खर्च मात्र भागाकाराने ठरतो. युरोपातल्या बहुतेक देशांत ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात. तुमच्या घरीही तसंच मोजायला सुरुवात करा. मोठीचं काम आधी करून घ्या, आणि लांबच्या एकट्या-दुकट्या फेऱ्या छोटीवर टाका. त्यातूनही बरंच वाचेल.

प्रश्न: महामार्गावर ११० ऐवजी ९० ने गेलो तर खरंच फरक पडतो, की हे नुसतं सांगायला?

उत्तर: पडतो, आणि चांगला पडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे (वेग गुणिले वेग) वाढतो. ९० च्या तुलनेत ११० ला तो जवळजवळ दीडपट होतो, आणि महामार्गावर इंजिनाची बरीचशी ताकद हवा ढकलण्यातच जाते. वेळ किती वाचतो? शंभर किलोमीटरला सुमारे १२ मिनिटं. टपावर कॅरियर असेल तर हा फरक आणखी वाढतो. सामान नसताना तो काढून ठेवा. महामार्गाच्या वेगाला टपावरची पेटी एकटीच इंधनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त खाऊ शकते.

हे शहाणपण जुनं आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपासहून १२ च्या जवळ गेला. नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार रस्त्यांवर खासगी गाड्याच बंद ठेवल्या गेल्या. अमेरिकेने १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची मर्यादा देशभर घातली. देशाच्या पातळीवर बचत अपेक्षेपेक्षा कमीच झाली, कारण पुष्कळांनी मर्यादा पाळलीच नाही. तुमच्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र तुमचाच आहे.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

उतारावर गाडी न्यूट्रल करावी का? नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते पुन्हा सुरू होतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. घाटात हे प्राणावर बेतू शकतं.

पहाटे भरलं तर जास्त मिळतं का? पेट्रोल दर दहा अंशांना सुमारे एक टक्का फुगतं, हे खरं. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. त्यासाठी झोप मोडू नका.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल परवडतं का? गाडीच्या पुस्तिकेत ते आवश्यक म्हटलं असेल तर तेच भरा. नसेल तर पैसे वाया. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न पडू देण्याची क्षमता, त्यामुळे इंधनातली शक्ती वाढत नाही.

इथेनॉल मिसळल्यावर अॅव्हरेज घटलं, हा भास आहे का? भास नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्के मिश्रणाला साधारण तीन टक्क्यांचा फरक धरा. त्याहून बराच जास्त पडत असेल तर गाडी तपासून घ्या.

सिग्नलला इंजिन बंद करावं का? पुन्हा चालू करायला, उभ्या गाडीत इंजिन दहा सेकंद चालू ठेवायला लागेल जेमतेम इतकंच इंधन लागतं. थांबा त्याहून बराच मोठा दिसत असेल तर बंद करा. घरपोच सामान देणाऱ्या मुलांनो, दारात गाडी चालू ठेवून जिने चढू नका. इंधनही जातं आणि गाडीही जाऊ शकते.

हवा किती महत्त्वाची? चारही टायरांत हवेचा दाब एक पीएसआयने (दाब मोजायचं माप) कमी असेल तर इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं. हे थोडं वाटेल, पण दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्या मी सतत पाहते. टायर झिजतो तो खर्च वेगळाच. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

मायलेज वाढवणारी गोळी, चुंबक, टाकीत टाकायचं द्रव्य? घेऊ नका. एवढं सोपं असतं तर गाडी बनवणाऱ्यांनी ते कारखान्यातच बसवून दिलं असतं.

इलेक्ट्रिक घ्यावी का? किंमतीतला फरक भागिले किलोमीटरमागची बचत. जो आकडा येईल तितके किलोमीटर तुम्ही किती वर्षांत धावता ते पाहा. रोज पुष्कळ धावणारा आणि रात्री घरीच चार्ज करू शकणारा असेल तर हिशेब लवकर जमतो. आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्याने भाववाढीच्या धसक्याने कर्ज काढू नये.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे. भाव अजून वाढणार असं सगळे म्हणतात, म्हणून मी आणि मित्रांनी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून खोलीत पलंगाखाली ठेवलं आहे. किती दिवस टिकेल?

उत्तर: बाळा, टिकण्याचा प्रश्न नंतर. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे खोलीतल्या उन्हाळ्यात ती किती होत असेल पाहा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. वर न जाता ती फरशीवरून सरपटत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत किंवा फ्रिजच्या खटक्यापर्यंत पोहोचू शकते. साध्या प्लॅस्टिकचे कॅन त्यासाठी बनवलेलेच नसतात, ते फुगतात, झिरपतात, आणि ओतताना स्थिर विजेची ठिणगीही पडू शकते.

हे पत्र छापून येईपर्यंत वाट पाहता येणार नव्हती म्हणून तुला वेगळं उत्तर कालच पाठवलं आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहिते: असे कॅन घरात असतील तर आजच, उजेड असताना, ते मोकळ्या जागी न्या. आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना, चूल पेटलेली नाही ना, पाहा. मोबाईल बाजूला ठेवा. गाडीचं इंजिन बंद आणि थंड असू द्या, कॅन जमिनीवर टेकवून मग उचला, आणि नरसाळ्याने हळूहळू टाकीत ओता. टाकीत मावणार नाही इतकं असेल तर हात लावू नका, अग्निशमन दलाला फोन करून विचारा. रिकामा कॅनही झाकण उघडं ठेवून बाहेरच वाळू द्या, त्यात वाफ उरलेली असते.